आत्या उतरत नाहीत

व्हॅन ऑकलंडच्या ग्रेट साउथ रोडला लागली, तरी तोआकासे आत्यांना खरं काय ते सांगायची हिंमत कोणाला झाली नव्हती. त्या पुढच्या सीटवर ऐसपैस बसल्या होत्या. मांडीवर फॉइलमध्ये गुंडाळलेला डबा होता, आत अळूच्या पानांत आणि नारळाच्या दुधात शिजवलेलं मांस होतं, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानाबद्दल त्यांचं काही ना काही मत होतं.

"ही बेकरी नवी दिसते. पाव बरा मिळत असेल का गं?"

"माहीत नाही, आत्या," लेसिएली म्हणाली. ती गाडी चालवत होती, नजर तिने रस्त्यावरून काढली नाही.

घोळ झाला तो सकाळी. जुनी व्हॅन एक्स्चेंजमध्ये घालून छोटी गाडी घ्यायची हे घरात महिन्यापूर्वीच ठरलं होतं. लेसिएलीच्या बाबांना, म्हणजे सेमिसीला, जाऊन शनिवारी वर्ष झालं. घराने काळे कपडे उतरवले, आणि मंगळवारी सकाळी गाडीवाल्याने वेळ दिली. त्या वेळी आत्या चर्चमधल्या बायकांकडे चटया विणायला जाणार होत्या. पण सगळे व्हॅनमध्ये चढतात न चढतात तोच आत्या अंगणातून डुलत आल्या आणि पुढचं दार उघडून बसल्यासुद्धा.

"कुठे निघालात सगळे?"

"जरा... बाजारात," आईच्या तोंडून निघून गेलं.

"मग मीही येते. चटया काय पळून जातायत?"

बापाच्या बहिणीला 'उतरा' म्हणणारा माणूस टोंगन घरात अजून जन्माला यायचा आहे. त्यामुळे ज्यांच्यापासून ही विक्री लपवायची, त्यांनाच पुढच्या सीटवर बसवून अख्खं कुटुंब विक्रीला निघालं. दुसऱ्या कुठल्या जातीच्या माणसांनी काहीतरी सबब काढली असती. या घराला ते सुचलंही नाही.

आणि लपवायचं कारणही साधं नव्हतं. भावाच्या घरातली कुठलीही वस्तू बहिणीने मागितली की ती तिची. याला फाहू म्हणतात. त्यावर कोणी वाद घालत नाही, भरती-ओहोटीवर कोणी वाद घालतं का? शनिवारी जेवणं आटोपल्यावर आत्या उभ्या राहिल्या होत्या आणि भर मांडवात म्हणाल्या होत्या, "सेमिसीची व्हॅन आता टोंगाला जाईल, हाआपाई बेटांवर आपल्या गावी. आपल्या चर्चला गाडी नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. आईनेही डोलावली. नंतर मात्र आईने गाडीवाल्याला फोन करून मंगळवारची वेळ काही रद्द केली नाही. आयुष्यात आईने कोणाला विरोध केला असेल तर तो एवढाच.

लेसिएलीला गाडी चैनीसाठी नको होती. चार वर्षं शिकून ती सुईण झाली होती, आणि पापाकुरातल्या सुईणींच्या गटाने तिला येत्या सोमवारपासून जागा दिली होती. त्यांची एकच अट होती, गाडी भरवशाची पाहिजे. बाळं काही मुहूर्त बघून येत नाहीत. शिकाऊ असताना एकदा ही व्हॅन मोटरवेच्या पुलावर बंद पडली होती, आणि जिच्याकडे निघाली होती त्या बाईचं बाळ तिच्याशिवायच जगात आलं. ती बाई काही बोलली नाही, पण लेसिएलीला तो पूल अजून टोचत होता. तिची शिल्लक आणि व्हॅनची किंमत मिळून छोटी गाडी होत होती. व्हॅन गावी गेली तर गाडी नाही, आणि गाडी नाही तर सोमवारी ती जागा दुसऱ्या कुणाची.

मागच्या रांगेतून आवाज आला. "तुझ्या नणंदेला सांग, ब्रेक हळू दाबायला. क्लच जातो त्याने."

हा केपू, लेसिएलीचा थोरला भाऊ. तो अगदी शेवटच्या सीटवर बसला होता, कारण बहीण पुढे असली की भाऊ लांब बसतो. वयात आल्यावर बहीण-भाऊ एका सोफ्यावर टेकत नाहीत, एकमेकांसमोर वावगा शब्द काढत नाहीत, आणि भांडण तर दूरच. पण केपूला भांडल्याशिवाय अन्न पचत नसे, म्हणून तो बायकोमार्फत भांडायचा. सातव्या महिन्यातली तेलेसिया मधल्या रांगेत पोटावर हात ठेवून बसली होती.

"लेसी, ऐकलंस ना?" ती कंटाळून म्हणाली. "मी पुन्हा सांगणार नाहीये."

"त्याला सांग, क्लच आणि ब्रेकचा संबंध नसतो."

"ऐकलंस ना रे?" तेलेसियाने मान न वळवता विचारलं.

आत्या खुदकन हसल्या. लेसिएलीने सिग्नल दिला आणि व्हॅन रंगीत पताका लावलेल्या आवारात वळवली. रांगेने उभ्या गाड्या उन्हात चमकत होत्या. प्रत्येकीच्या काचेवर किंमत रंगवली होती.

"हा बाजार?" आत्या म्हणाल्या.

आई खिडकीतून दुसरीकडेच बघत राहिली. वर्षाने आज तिने पिवळा झगा घातला होता, आणि त्या पिवळ्या झग्यात तिचा चेहरा चोरी करताना पकडलेल्या मुलीसारखा दिसत होता.

प्रनील चंद हा इथला विक्रेता. आजे-पणजे फिजीत ऊस तोडायचे, बाप ऑकलंडला टॅक्सी चालवायचा, आणि आता हा गाड्या विकायचा. तो हसत पुढे आला. लेसिएली उडी मारूनच उतरली आणि त्याला दंडाला धरून एका पांढऱ्या ट्रकच्या आड घेऊन गेली.

"एक्स्चेंजवाली हीच ना?" त्याने व्हॅनकडे बोट दाखवलं. "दार सरकतं का?"

"सरकतं. खाली एक लाथ घालावी लागते."

"गंज?"

"मागच्या चाकावर आहे. लपवत नाही मी."

"बरं. एक चक्कर मारून बघतो. त्या बाईंना उतरायला सांगा."

"तुम्ही सांगा."

"मी? का?"

"माझ्या आत्या आहेत त्या."

प्रनीलने तिच्याकडे नीट पाहिलं. "आमच्याकडे फुआ म्हणतात," तो म्हणाला. "माझ्या लग्नात फुआ रुसली तेव्हा वरात रस्त्यात थांबली होती." तरीही तो गेला. बिचाऱ्याला कमिशन मिळवायचं होतं. तो खिडकीशी वाकला, काहीतरी बोलला. आत्यांनी डबा मांडीवर सारखा केला आणि हात हलवला. प्रनील वळून लेसिएलीकडे आला.

"म्हणतात, तू चालव, मी बसते."

"मग?"

"मग काय. चालवतो."

बाकीचे उतरले. केपू, तेलेसिया, आई आणि लेसिएली आवारात उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत व्हॅन धूर सोडत फाटकाबाहेर गेली. आत एक परका विक्रेता होता आणि त्याच्या शेजारी, जिला हे कळायला नको होतं नेमकी ती बाई.

"तो सांगणार," आई म्हणाली.

"सांगणारच. त्याला काय माहीत काय लपवायचं ते," तेलेसिया म्हणाली. "गप्पा मारणारा वाटतो."

केपू दोन हात लांब, एका लाल गाडीला टेकून उभा होता. "तेलेसिया, तिला सांग. आत्यांपासून ही गोष्ट लपणार नाही, हे मी काल रात्रीच म्हटलं होतं."

"तो म्हणतो की..."

"ऐकलं मी."

"तिला सांग, बाबांनी ही गाडी तीस वर्षं जपली. अर्ध्या चर्चला यात बसवून गाण्यांना नेलं. माझा रग्बीचा संघ यातून खेळायला जायचा. आत्यांनी नेली तर निदान आपल्या माणसांत राहील. परक्याच्या आवारात सडणार नाही."

"त्याला सांग," लेसिएली म्हणाली, आणि तिचा आवाज चढला, "मी शिकत असताना पुलावर ही गाडी बंद पडली, तेव्हा मी रडत उभी होते. तेव्हा त्याचा रग्बीचा संघ कुठे होता?"

तेलेसियाने दोघांकडे पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. "मी काही पोस्टमन नाही. पोटातलं एक सांभाळू की तुम्हा दोघांना? केपू, दोन महिन्यांनी माझी वेळ येईल. तेव्हा माझ्याकडे कोण येणार आहे? कुणी अनोळखी? मला लेसी हवी. आणि ती बसने आलेली मला चालणार नाही."

केपू लाल गाडीपासून सरळ झाला. हे त्याने ऐकलं नव्हतं. बायको बहिणीच्या बाजूची आहे हे नवऱ्याला असं गाड्यांच्या बाजारात कळलं.

"तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी? तू फक्त निरोप द्यायचास."

आई एवढा वेळ पिवळ्या झग्याच्या काठाशी चाळा करत होती. "केपू," ती म्हणाली, "तुझे बाबा ही व्हॅन दर हिवाळ्यात विकायला काढायचे. सुटे भाग मिळत नाहीत म्हणून शिव्या घालायचे. जपली कसली, ढकलली. तुम्हाला आता सगळं सोन्याचं वाटतंय."

लेसिएलीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. वर्षभरात आई बाबांबद्दल असं मोकळं पहिल्यांदाच बोलली होती.

"मग तुम्ही शनिवारी मान का डोलावलीत, आई?" तेलेसियाने विचारलं.

"ताईंना नाही कसं म्हणायचं? या घरात आल्यापासून मी त्यांना कधी नाही म्हटलं नाही. त्यांनीही माझं कधी वाईट केलं नाही. मला वाटलं, काहीतरी होईल."

काहीतरी होईल, या एका भरवशावर आईचा अख्खा संसार झाला होता. बहुतेक वेळा ते झालंही होतं, म्हणून तिला दोष तरी कसा द्यायचा?

व्हॅन काही येईना. एक चक्कर म्हणून गेलेली गाडी. आवारातल्या दुसऱ्या विक्रेत्याने त्यांना पाण्याच्या बाटल्या आणून दिल्या. लेसिएलीच्या मनात वाटेल ते येऊन गेलं. आत्यांनी त्याला थेट बंदरावर नेलं असेल. व्हॅन बोटीवरही चढली असेल.

शेवटी ती आली. प्रनील चालवत होता, त्याचा टाय सैल झाला होता आणि तोंडाच्या कडेला नारळाचं दूध लागलं होतं. आत्यांच्या पायाशी आता अरवीच्या कंदांची एक पिशवी आणि अननसाचा एक पाव होता.

"ओटाहूहूच्या बाजारात थांबावं लागलं," प्रनील लेसिएलीला हळूच म्हणाला. "माफ करा. मला माहीत नव्हतं. मी आपलं बोलत होतो, भाची सुईण झाली, छान झालं, एक्स्चेंजला चांगला भाव देतो, असं."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. म्हणाल्या, जेव."

आत्या उतरल्या. हे काम त्यांनी सावकाश केलं. आधी एक पाय, मग दुसरा, मग झगा सारखा केला. मग त्या व्हॅनच्या नाकासमोर उभ्या राहिल्या. सगळे आपोआप त्यांच्यासमोर रांगेत आले. प्रनीलही रांगेत उभा राहिला. का, ते त्यालाच माहीत.

"ही गाडी कोणाची?"

"तुमची, आत्या," केपू खाली बघत म्हणाला.

"सेनी?" त्यांनी आईकडे पाहिलं.

"तुमची, ताई," आई म्हणाली. "पण मी खोटं बोलले. बाजार म्हटलं."

"ते मला फाटकातच कळलं. बाजारात पताका नसतात. तेलेसिया?"

"तुमची."

लेसिएलीची पाळी आली. 'तुमची' एवढा शब्द पुरला असता. तो म्हटला की सगळं सुरळीत झालं असतं, व्हॅन गावी गेली असती, आणि तिच्यावर कोणी रागावलंही नसतं. तिला एकदम लक्षात आलं की या घरात आत्यांना आजवर सगळ्यांनी दिलंय किंवा त्यांच्यापासून लपवलंय. त्यांच्याकडे काही मागून कोणी पाहिलंच नाही.

"तुमची आहे," ती म्हणाली. "आणि मला हवी आहे. आत्या, ही व्हॅन मला द्या. मी ती विकणार आहे, हे आधीच सांगते. बाबांची आठवण म्हणून मी ठेवणार नाही. मला सोमवारी कामावर जायचंय."

केपूने श्वास रोखला. आईने डोळे मिटले.

आत्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग व्हॅनच्या नाकावर तळहात ठेवला आणि आवाज चढवला, शनिवारी मांडवात चढवला होता तेवढाच. "ऐका सगळ्यांनी. सेमिसी माझा भाऊ. त्याची ही गाडी मी घेतली. आजपासून हिच्यावर ना केपूचा हक्क, ना चर्चचा, ना रग्बीवाल्या पोरांचा. मी घेतली." त्या प्रनीलकडे वळल्या. "आणि आता मी विकते. भाव आपला रस्त्यात ठरलाय. ते पैसे हिच्या गाडीत घाल. चारही टायर नवे घालून देणार आहेस, ते विसरू नकोस."

"हो, मॅडम," प्रनील म्हणाला. कबूल केल्याचं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, आणि जरा पश्चात्तापही.

लेसिएलीला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ती एक पाऊल पुढे आली. "आत्या, मग नुसतं दिलं का नाही? घेऊन विकायचं कशाला?"

"नुसतं दिलं असतं, तर याने," त्यांनी केपूकडे हनुवटी उडवली, "प्रत्येक रविवारी जेवताना तुला ऐकवलं असतं. बाबांची गाडी विकली, बाबांची गाडी विकली. तोंडाने नाही, बायकोतर्फे. आणि चर्चच्या बायकांनी पाठीमागून. आता विकली कोणी? मी. ऐकव म्हणावं मला."

केपूचे कान लाल झाले. तो पुढे आला आणि दोन हातांचं अंतर पार करून थेट बहिणीसमोर उभा राहिला. नजर मात्र त्याने तिच्या खांद्यावरच ठेवली, तेवढी रीत सुटली नाही. "लेसिएली," तो म्हणाला. हे नाव त्याने तिच्या तोंडासमोर बऱ्याच वर्षांनी घेतलं होतं. "तेलेसियाची वेळ येईल तेव्हा मी फोन करीन. स्वतः करीन."

"कर," ती म्हणाली. "मी येईन."

आईने मात्र भीत भीत मुद्द्यावर बोट ठेवलं. "ताई, पण गावी? तुम्ही तर कळवून बसलात. त्यांनी व्हॅनसाठी छप्परसुद्धा बांधलंय ना?"

आत्यांचा चेहरा पहिल्यांदाच पडला. त्यांनी फोन काढला, थोडा वेळ हातात धरून ठेवला, मग लावला. हाआपाईचा आवाज लांबून, वाऱ्यातून आला. गावचे पाद्रीबाबा होते.

"गाडी येत नाही," आत्या म्हणाल्या. "मी विकली."

पाद्रीबाबांचा आवाज चढला, "तुम्ही? तोआकासे, तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. मोडला. माझ्या भाचीला बाळंतपणं करायची आहेत." लेसिएलीच्या मनात आलं, गावात या बाईचा शब्द आजवर कधी खाली पडला नसेल. आज तो त्यांनी स्वतःच्या हाताने खाली ठेवला, आणि तोही तिच्यासाठी.

पलीकडचा आवाज परत आला. "मग छपराखाली कोणाला बसवायचं?"

"तुम्ही बसा. उन्हाचे चर्चला चालत येता, दमता."

पाद्रीबाबा हसले. सगळ्यांना ऐकू येईल एवढ्या मोठ्याने हसले. मग म्हणाले, "भाचीला आशीर्वाद सांगा. आमच्या गावातही बाळं होतात, सुट्टीत येऊन जा म्हणावं." आत्यांनी फोन ठेवला आणि नाक पुसलं. नाक पुसलं हे कोणी पाहिलं नाही, असं सगळ्यांनीच ठरवलं.

कागदांवर सह्या झाल्या. आई सहीच्या जागी नीट वेळ घेऊन लिहीत होती. मग प्रनीलने ती छोटी चंदेरी गाडी पुढे आणली. जपानहून बोटीने आलेली, वापरलेली, पण अंगावर एक ओरखडा नाही. आत्यांनी कोणाला न विचारता पुढचं दार उघडलं आणि बसल्या. डबा, कंद आणि अननसाचा पाव त्यांच्या मांडीवर कसेबसे मावले.

लेसिएली चालकाच्या सीटवर बसली. आरसा सारखा केला. किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं, इतकं हळू की सुरू झालंय की नाही हे तिने दोनदा तपासलं. आणि समोरच्या पडद्यातून एका बाईचा गोड, नम्र आवाज आला. दोन-तीन वाक्यं बोलून ती थांबली.

आत्या पडद्याकडे झुकल्या. "काय म्हणते गं ही?"

"काय माहीत, आत्या. जपानी बोलते. बदलता येत नाही म्हणाला तो."

आत्यांनी पदर सावरावा तशी मांडीवरची पिशवी सावरली, आणि नव्या सुनेच्या डोक्यावर ठेवावा तसा डॅशबोर्डवर हात ठेवला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "घरात आलीय आता. शिकेल हळूहळू. चल, घरी घे."